भायखळा, देवळाली आणि विठ्ठलवाडी

स्मरणिका आपल्या शाळेची आणि इतिहास मात्र दुसऱ्याच संस्थेचा, हे वाचकांना खटकेल. संपादक मंडळालाही ते खटकले होते. आपल्या शाळेची स्थापना, वर्ग कसे वाढले, मुख्याध्यापक कोण कोण झाले, इमारत निधीला कोणी हातभार लावला, हे सगळे या अंकात अन्यत्र आलेच आहे. पण एका बाजूला कोळसेवाडी-नेतिवलीची वस्ती आणि दुसऱ्या बाजूला उल्हासनगरचा कॅम्प, अशा विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा निघते, तिच्यात मराठी, सिंधी, मल्याळी, गुजराती, उत्तर भारतीय अशा सगळ्या घरांतली मुले येतात आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही, हे आपोआप घडलेले नाही. १९५४ साली या गोष्टीवर सरकारी बंदी आली होती. ती बंदी ज्या संस्थेने न्यायालयात जाऊन उठवली, ती बॉम्बे एज्युकेशन सोसायटी आणि तिची देवळालीची बार्न्स शाळा. आपली शाळा तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पण पुढे तिला जन्म घेता आला, त्यात या निकालाचा वाटा आहे. म्हणून हा लेख.

बॉम्बे एज्युकेशन सोसायटीचे मूळ बरेच जुने. १७१८ साली रिचर्ड कॉब या पाद्र्याने मुंबईच्या कोटात मूठभर गरीब मुलांसाठी एक धर्मादाय शाळा काढली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आलेले गोरे शिपाई इथे मरत, त्यांची मुले मागे राहत. त्या मुलांचे काय करायचे हा कंपनीपुढचा नेहमीचा प्रश्न होता आणि त्यावरचे उत्तर चर्चने द्यावे, असे कंपनीला सोयीचे वाटे. पुढे १८१३ च्या सनदेने कंपनीला हिंदुस्थानात शिक्षणावर वर्षाला निदान एक लाख रुपये खर्च करण्याचे बंधन आले, मुंबईला पहिला आर्चडीकन मिळाला, त्याचे नाव जॉर्ज बार्न्स. त्याने १८१५ साली ही सोसायटी स्थापन केली आणि कॉबची जुनी शाळा तिच्या पंखाखाली आणली. हेतू सरळ होता : युरोपियन शिपायांची पोरकी आणि गरीब मुले ख्रिस्ती धर्मात वाढावीत, लिहा-वाचायला शिकावीत, आणि कुठेतरी नोकरीला लागावीत. पहिल्या काही वर्षांतच सोसायटीच्या शाळा सुरत आणि ठाण्यालाही निघाल्या. आपल्या जिल्ह्याशी या संस्थेचा संबंध असा दोनशे वर्षांचा आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

मात्र या संस्थेच्या इतिहासातला मराठी वाचकांना सर्वांत मोलाचा भाग तिने गोऱ्या मुलांसाठी काय केले हा नाही. १८२० साली सोसायटीने देशी मुलांच्या शिक्षणासाठी एक वेगळी समिती नेमली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते आणि त्यांचा या कामाला मनापासून पाठिंबा होता. काम इतके वाढले की १८२२ मध्ये ही समिती मूळ सोसायटीपासून वेगळी झाली आणि १८२७ मध्ये तिने बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे नाव घेतले. मराठी पाठ्यपुस्तकांचा उगम या शाखेत आहे. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस, सदाशिव काशिनाथ छत्रे तिचे देशी चिटणीस, पुढे त्याच जागी बाळशास्त्री जांभेकर. जर्व्हिसच्या देखरेखीखाली गणित-भूमितीची पुस्तके मराठीत आली. छत्र्यांनी १८२८ मध्ये इसापनीती आणि बाळमित्र मराठीत आणले. यातला बाळमित्र तर मुळात बर्क्विन या फ्रेंच लेखकाचा, इंग्रजीतून फिरून मराठीत आलेला. म्हणजे ज्या घरातून मुंबई इलाख्यातली इंग्रजी शाळा निघाली, त्याच घराच्या धाकट्या पातीने मराठी शाळेचे पहिले पुस्तक छापले. आज मराठी शाळा आणि इंग्रजी शाळा जन्मजात वैरी असल्यासारखी भाषणे ऐकू येतात, तेव्हा हे भावकीचे नाते आठवणीत ठेवावे. भावकीत भांडणे असतातच, पण सातबारा एकच असतो.

थोरली पाती आपल्या वाटेने चालत राहिली. तिच्या शाळा भायखळ्याला गेल्या. तिथे मोकळी जागा होती आणि १८५३ नंतर दारातच रेल्वे आली. रेल्वे आली आणि विद्यार्थीही बदलले. शिपायांच्या पोरक्या मुलांबरोबर आता इंजिन ड्रायव्हर, गार्ड, तारमास्तर, कस्टमचे अधिकारी यांची मुले येऊ लागली. यातली बहुतेक घरे अँग्लो-इंडियन होती : वडिलांकडून केव्हातरी युरोपियन, घरात इंग्रजी, आणि जन्म, नोकरी, कबर सगळे इथलेच. आपल्या कल्याणच्या लोको शेडभोवती ही घरे एके काळी भरपूर होती. जुन्या रेल्वे वसाहतीतले लोक अजून त्यांच्या ख्रिसमस केकच्या आठवणी सांगतात. भायखळ्याच्या शाळेत शहरातली मुले दिवसा येऊन संध्याकाळी घरी जात, आणि लाइनवरच्या दूरदूरच्या स्टेशनांतून आलेली मुले वसतिगृहात राहत.

वसतिगृहाला मुंबईची दमट हवा आणि वाढती गर्दी मानवेना. १९२५ साली निवासी शाळा घाटावर देवळालीला नेली आणि तिला संस्थापकाचे नाव दिले : बार्न्स. भायखळ्याला दिवसाची शाळा तेवढी राहिली. तीच आजची क्राइस्ट चर्च शाळा. विठ्ठलवाडीहून सीएसएमटीला जाणारी लोकल रोज तिच्या परिसरातून जाते, आणि बार्न्सला जायचे तर कल्याणला उतरून नाशिककडची गाडी धरावी लागते. आपण या दोन शाळांच्या मधोमध बसलो आहोत. कल्याणला लाइन फुटते : एक कसाऱ्यावरून घाट चढून देवळालीकडे, दुसरी आपल्या स्टेशनावरून कर्जतकडे.

देवळालीचे आणि आपले आणखी एक साम्य आहे. दोन्ही लष्करी छावण्यांची गावे. देवळालीची छावणी एकोणिसाव्या शतकातली. विलायतेला परत जाणाऱ्या गोऱ्या पलटणी तिथे बोटीची वाट पाहत थांबत. कल्याणजवळची छावणी दुसऱ्या महायुद्धातली. सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी इथे पाच कॅम्प उभे राहिले. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली लाखभर माणसे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी ती अजून ‘कॅम्प’च आहे. देवळालीलाही सिंधी निर्वासितांची मोठी वस्ती झाली.

या माणसांपुढे शाळेचा प्रश्न विचित्र होता. मराठी मुलाला मराठी शाळा, गुजरात्याला गुजराती. सिंध्यांचा प्रांतच सीमेपलीकडे राहिलेला. कॅम्पात सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या, पण पुस्तके कोणत्या लिपीत छापायची यावरच घरात दोन तट पडले. सिंधमध्ये चालत आलेली अरबी वळणाची लिपी ठेवावी की भारतात आलोच आहोत तर देवनागरी घ्यावी? हा वाद सरकारदरबारी गेला आणि दोन्ही लिप्या चालू राहिल्या. त्यामुळे एकाच वर्गासाठी दोन लिप्यांतली पुस्तके, शिक्षकही दोन पंथांचे. सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश व्हायला १९६७ साल उजाडले. तोवर व्यापारी घरातला व्यवहारी बाप काय विचार करणार? पोराला मुंबईत, मद्रासला, हाँगकाँगला, कुठेही दुकान टाकावे लागेल. त्याला इंग्रजी येऊ दे. कॅम्पातल्या घरांना इंग्रजीची हाव नव्हती, जमीन नसलेल्या माणसाचा तो हिशेब होता.

आता १९५४ कडे येऊ. त्या वेळचे मुंबई राज्य म्हणजे गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा काही भाग मिळून केलेले त्रैभाषिक राज्य. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. भाषावार प्रांतरचनेचा आयोग नुकताच नेमला गेला होता, संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोर धरत होती. इंग्रज गेले तरी इंग्रजी शाळा वाढतच होत्या आणि त्यांत एतद्देशीयांची मुले लोटत होती. हे सरकारला बोचत होते. ६ जानेवारी १९५४ रोजी सरकारने आदेश काढला : ज्या वर्गाचे माध्यम इंग्रजी आहे त्या वर्गात यापुढे अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक यांच्या मुलांखेरीज कोणाला प्रवेश देऊ नये. आधीपासून शिकत असलेल्यांना हात लावायचा नाही, पण नवे घ्यायचे नाहीत, आणि शाळांनी हळूहळू हिंदी किंवा दुसऱ्या भारतीय भाषेकडे वळावे.

हा आदेश हातात घेऊन त्या दिवसांत बार्न्सच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत काय झाले असेल, हे शाळेचे कार्यालय ज्याने पाहिले आहे त्याला सहज कळते. प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असते. लांबरुंद पाने, पुठ्ठ्याची जाड बांधणी, दोन माणसांनी धरावे एवढे वजन. त्यात नोंद क्रमांक, नाव, आईचे नाव, धर्म-जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. एकदा शाईने भरलेला रकाना खोडता येत नाही. दुरुस्ती हवी तर वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागते. आपल्या शाळेच्या रजिस्टरात एकाच घरातल्या दोन भावंडांची मातृभाषा वेगळी लिहिलेली सापडते : थोरल्याची सिंधी, धाकट्याची हिंदी. दोन्ही वेळा फॉर्म भरणारी आई तीच. मधल्या वर्षांत आजी गेली होती, घरात सिंधी बोलायचे कोणी उरले नव्हते. या रकान्याकडे आपण सहसा ढुंकूनही पाहत नाही. १९५४ च्या आदेशाने मात्र तोच रकाना दरवाजा करून टाकला.

बार्न्सकडे त्या वेळी ४१५ मुले होती. त्यांतली २१२ अँग्लो-इंडियन आणि २०३ इतर भारतीय समाजांतली. म्हणजे जवळजवळ निम्मी शाळा आदेशाच्या दृष्टीने चुकीच्या घरात जन्मलेली. प्रवेशासाठी एक लष्करी अधिकारी आपल्या मुलीला घेऊन आले. कुटुंब भारतीय ख्रिस्ती होते, घरची भाषा इंग्रजी. तरी ते अँग्लो-इंडियन नाहीत, म्हणून नकार. एक गुजराती डॉक्टर आपल्या मुलाला घेऊन आले. घरची भाषा गुजराती, म्हणून नकार. पहिल्या प्रकरणातली गोम लक्षात घ्या. त्या मुलीची मातृभाषाच इंग्रजी होती. आदेशाचा हेतू मुलांना मातृभाषेतून शिकवायचा, आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलीला तोच आदेश इंग्रजी वर्गाबाहेर काढतो. सरकारने तिची भाषा विचारलीच नव्हती, वंश विचारला होता.

दोन्ही पालक आणि सोसायटी मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती दीक्षित यांनी १५ फेब्रुवारीला, म्हणजे आदेश निघून सहा आठवडेही झाले नव्हते तोच, तो रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे निकाल लागला २६ मे १९५४ रोजी. आदेशापासून अंतिम निकालापर्यंत पाच महिने. आजच्या तारखांना सरावलेल्या वाचकाला हे परीकथेसारखे वाटेल. अँग्लो-इंडियन समाजाचे नेते फ्रँक अँथनी या खटल्यात उभे होते, आणि पालकांच्या बाजूने चौतीस वर्षांचे नानी पालखीवाला. सर्वोच्च न्यायालयातले त्यांचे हे पहिले प्रकरण.

सर्वोच्च न्यायालयातला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. घटनेच्या २९(२) कलमाप्रमाणे सरकारी किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. सरकारचे म्हणणे, हे कलम अल्पसंख्याकांसाठी आहे, बहुसंख्याकांना त्याचा आधार घेता येणार नाही. शिवाय आम्ही भाषेवरून नाकारत नाही, राष्ट्रभाषेच्या प्रसारासाठी नाकारतो. न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांनी दोन्ही मुद्दे बाजूला सारले. कलमात ‘कोणताही नागरिक’ असे म्हटले आहे, त्यात गुजराती हिंदूही आला. आणि हेतू कितीही चांगला असला तरी दारावर मूल थांबवले जाते ते कशामुळे, हे पाहायचे. ते भाषेमुळेच.

पण मला या निकालातला सर्वांत रंजक भाग ३३७ कलमाचा वाटतो. घटनाकारांनी अँग्लो-इंडियन शाळांचे अनुदान पहिली दहा वर्षे चालू ठेवले होते. दर तीन वर्षांनी ते थोडे थोडे घटवत न्यायचे. त्याला अट अशी, की अशा शाळेने दरवर्षीच्या प्रवेशांतले किमान चाळीस टक्के इतर समाजांना खुले ठेवले पाहिजेत. म्हणजे देशाची घटना म्हणते, बाहेरची मुले घ्याल तरच पैसे. राज्याचा आदेश म्हणतो, बाहेरची मुले घेतली तर खबरदार. मध्ये बार्न्स. आदेश पाळला तर अनुदान जाते, अनुदान टिकवले तर आदेश मोडतो. सरकारी खात्यांचे एकमेकांशी बोलणे नसणे ही आपली जुनी परंपरा आहे, पण इथे तर घटनेशीच बोलणे नव्हते.

मोरारजींच्या सरकारला खलनायक करणे सोपे आहे. ते मला मान्य नाही. मूल आपल्या भाषेत लवकर आणि खोल शिकते, हे तेव्हाही खरे होते, आजही आहे. इंग्रजी वर्ग म्हणजे सुखवस्तूंचा वर्ग, असे होऊ नये ही काळजीही रास्त होती. पुढे नेमके तेच झाले. मात्र आदेशाने निवडलेला मार्ग त्या हेतूला छेद देणारा होता. तो टिकला असता तर इंग्रजी शाळा बंद पडल्या नसत्या. त्या फक्त अँग्लो-इंडियन आणि परदेशी वंशाच्या घरांसाठी उरल्या असत्या, आणि कल्याणच्या रेल्वे वसाहतीतला मराठी फिटर किंवा कॅम्पातला सिंधी कापड दुकानदार त्यांच्या फाटकाबाहेर उभा राहिला असता. श्रीमंतांनी पोरे परदेशी धाडली असती. गरिबांचा मार्ग तेवढा बंद झाला असता.

जगात दुसरीकडे हाच प्रश्न कसा सुटला, किंवा सुटला नाही, ते पाहण्यासारखे आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात. माँट्रियल शहरात मात्र इंग्रजी व्यापारी घराण्यांच्या खासगी शाळा शतकभर चालत आल्या : सेल्विन हाउस १९०८ ची, लोअर कॅनडा कॉलेज १९०९ चे. बाहेरून येणारे इटालियन, ग्रीक स्थलांतरितही मुलांना इंग्रजी शाळेतच घालत. १९७७ मध्ये प्रांताने फ्रेंच भाषेची सनद म्हणून ओळखला जाणारा कायदा केला. ज्यांच्या आई किंवा वडिलांचे शिक्षण क्वेबेकमध्ये इंग्रजीत झाले आहे, त्यांनाच सरकारी किंवा अनुदानित इंग्रजी शाळेत प्रवेश. १९८४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात दुरुस्ती करायला लावली आणि कॅनडात कुठेही इंग्रजीत शिकलेल्या नागरिकांच्या मुलांसाठी दार उघडले. अनुदान न घेणाऱ्या खासगी शाळा कायद्याच्या बाहेर होत्या. मग पालकांनी शक्कल काढली : वर्षभर भारी फी भरून मुलाला अशा शाळेत घालायचे आणि त्या आधारावर पुढे अनुदानित शाळेत हक्क मागायचा. या वाटेला तिथे पूल-शाळा म्हणू लागले. सरकारने २००२ मध्ये हा पूल तोडला, २००९ मध्ये न्यायालयाने तो तोडणे अवैध ठरवले, २०१० मध्ये नवा कायदा आला. भांडण अजून मिटलेले नाही.

तिथला कायदा आई-बापाची शाळा विचारतो, आपला आदेश आई-बापाचा वंश विचारत होता. तिथे बहुसंख्याकांची भाषा सभोवतालच्या इंग्रजी खंडात बुडून जाईल ही भीती होती, आणि ती खोटी नाही. फ्रेंच पाट्या, फ्रेंच कार्यालये, फ्रेंच कारखाने उभे करून त्यांनी भाषेला पोटापाण्याचा आधार दिला आणि त्याबरोबरच शाळेला हात घातला. आपल्याकडे आधी शाळेला हात घातला आणि कार्यालये तशीच ठेवली. हायकोर्टाचा कारभार इंग्रजीत, वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत, आणि पालकाने मात्र मुलाला इंग्रजीपासून लांब ठेवायचे. ज्या डॉक्टरच्या मुलाला नाकारले, तो डॉक्टर स्वतः कोणत्या भाषेत शिकला होता हे त्या आदेशाच्या लेखकांनी स्वतःला विचारायला हवे होते.

निकालानंतर बार्न्स पुन्हा आपल्या वाटेला लागली. अँग्लो-इंडियन कुटुंबे हळूहळू इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे गेली, त्यांच्या जागी मराठी, गुजराती, सिंधी, पारशी मुले आली. १९५८ मध्ये इंग्रजी शाळांसाठी स्वतंत्र परीक्षा मंडळ उभे राहिले, तेच आजचे आयसीएसईवाले. १९६० मध्ये ३३७ कलमाची दहा वर्षे संपली. इकडे आपल्या पट्ट्यात कारखाने वाढले, वसाहती वाढल्या, आणि एकेक करून इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघू लागल्या. काही चर्चच्या, काही दक्षिण भारतीय मंडळांच्या, काही सिंधी दानशूरांच्या, काही आपल्यासारख्या, चार शिक्षक आणि दोन खोल्यांवर सुरू झालेल्या. कॅम्पातले सिंधी माध्यमाचे वर्ग रोडावत गेले, नगरपालिकेच्या मराठी शाळांचेही तसेच झाले. हे झाले ते कोर्टामुळे नव्हे. कोर्टाने दार उघडे ठेवले, आत जायचे की नाही हे पालकांनी ठरवले. २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले : मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये वेगळा रस्ता धरला. माध्यम कोणतेही असो, पहिली ते दहावी मराठी शिकवणे सगळ्या शाळांना बंधनकारक झाले. हा मार्ग मला १९५४ पेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो. तासिका वेळापत्रकात आली म्हणून भाषा मुलाच्या तोंडात येतेच असे नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्या शाळेत मराठीच्या तासाला मुले सर्वांत जास्त हसतात आणि सर्वांत कमी लिहितात, असे आमच्या मराठीच्या बाई सांगतात.

बार्न्सच्या निकालात एक मर्यादा होती, ती आता उघडी पडली आहे. २९(२) कलम सरकारी किंवा अनुदानित संस्थांना लागू आहे. अनुदान गेले, इंग्रजी शाळा विनाअनुदानित झाल्या, आणि त्या कलमाचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचेनासा झाला. भाषेवरून आता कोणी अडवत नाही. फी अडवते. डोनेशन हा शब्द फॉर्मवर कुठेच नसतो, पण तो ज्याला माहीत नाही असा पालक कल्याण-उल्हासनगरात सापडायचा नाही. यावर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने उपाय काढला : विनाअनुदानित शाळेत पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना, सोडतीने. २०१४ मध्ये, कर्नाटकाचा निकाल लागला त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळले. त्यामुळे जिच्या खटल्याने इंग्रजी वर्ग सर्वांना खुला झाला, तिच्या धर्तीच्या शाळांवर हे पंचवीस टक्के आज बंधनकारक नाहीत. चाळीस टक्के बाहेरच्यांना घ्या असे एके काळी घटनेने ज्यांना सांगितले, त्यांची ही गंमत. २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या प्रवेशांतून सूट देऊ केली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला.

आपल्या शाळेला सोडतीतून मुले येतात. त्यांचे पालक रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बायका, जीन्सच्या कारखान्यातले शिलाई कामगार. शाळेच्या डायरीत इंग्रजीत लिहिलेला शेरा त्यांना वाचता येत नाही. पहिली काही वर्षे आमचे क्लार्क सुट्टीच्या वेळी फाटकाशी उभे राहून तो वाचून दाखवत, आणि त्यांच्याभोवती रोज दहा-पंधरा बायका जमत. मग ठराव झाला, की पालकांना जाणारी प्रत्येक सूचना इंग्रजीबरोबर मराठीत आणि हिंदीतही काढायची. सिंधीतही काढावी असा विषय एका बैठकीत निघाला होता. विश्वस्तांपैकी दोघे सिंधी, दोघांचाही पाठिंबा. लिपी कोणती, यावर ती बैठक संपली.